दोरीवरचा उस्ताद

त्या दिवशी धाड गावातल्या त्या छपरीत कोण कोण होतं ते पयले सांगते, नाई तर उद्या कोणी म्हणन मी बी तिथं होतो. गफ्फारमिया खरादी होता, त्याले सारं गाव उस्ताद म्हणे. त्याची बायको मेहरुनबी होती, उंबऱ्यावर लसूण सोलत बसलेली. धामणगाव बढ्याचा लोखंडी सामान इकणारा एक शेठ होता. त्याचं नाव घेत नाई, त्याचे लेकरं अजून दुकान चालवतात. अन् मी होती, कवसाबाई, खरादाची दोरी ओढणारी. एवढेच चार जण. पाचवी ती मोटर. पिठाच्या गिरणीतून काढलेली, तेलानं काळी झालेली, अन् माह्या पोटावर बसाले आलेली.

मी शाळेत जास्त गेली नाई. हे माही पोरगी लिहून घेऊन राह्यली. ती म्हणते, आई, उस्तादाचं चांगलं सांग, माणूस गेला आता. गेला म्हणून काय तो चांगला झाला? होता तसा सांगते.

अन् सांगाचं कारण बी हाय. आजकाल बचत गटाच्या पोरी माह्याकडं खराद शिकाले येतात. येतात म्हणजे काय, हातात मोबाइल अन् मोबाइलात अवजाराचे फोटो. मावशी, डबी आतून कोराले हे घेऊ का? हे लांबवालं, ज्याच्या टोकाले आकडा हाय? अजून लाकडाची साल काढता येत नाई, पण आकडा पाह्यजे. लांब पाह्यजे. चमकणारं पाह्यजे. त्या पोरी आकड्यावर बोट ठेवतात तवा मले त्यायच्या तोंडाच्या जागी उस्तादाचं तोंड दिसते.

खराद ज्याले माहीत नाई त्याले सांगते. लाकूड गरगर फिरते, त्याले अवजार लावलं का ते गोल होत जाते. पाळण्याचे पाये, लाटणं, रवी, सारं त्याच्यावरच होते. आता मोटर फिरवते, तवा बाई फिरवे. ज्या दांड्याले लाकूड बसवलं त्या दांड्याले दोरीचे वेढे, अन् दोरीचे दोन्ही टोकं माह्या दोन हातात. उजवा हात ओढला का लाकूड उस्तादाकडं फिरे, डावा ओढला का उलटं फिरे. उलट्या फेऱ्याले अवजार कापत नाई. म्हणून उस्ताद माह्या उजव्या ओढीवर अवजार टेकवे अन् डाव्या ओढीवर जरासं उचले. टेकवे, उचले. टेकवे, उचले. असे आम्ही समोरासमोर बसलो, केस पांढरे व्हाले लागेपर्यंत. माहा उजवा खांदा आता वर जात नाई. डोस्क्याची वेणी पोरगी घालून देते.

त्यानं माहं नाव इंजिन ठेवलं होतं.

"ए इंजिन, झोपली का बे?"

"इंजिनाले चहा लागते."

"इंजिन पाणी पिते. चहा माणसं पितात."

मंग मेहरुनबी आतून चहा घेऊन ये अन् पयला कप माह्यासमोर ठेवे. म्हणे, "कवसाबाई, हा माणूस मी तुले फुकटात देते. घेऊन जा आजच्या आज."

मी म्हणो, "नको बाप्पा. ठेवू कुठं? माह्या घरात उंदीर आधीच लय हायेत."

उस्ताद हसत नसे. त्याले वाटे हसलं का इज्जत कमी होते.

दिसाले काडीसारखा. पण सदरा पांढरा, इस्त्रीचा, डोळ्यात सुरमा. लाकडाच्या भुशात दिवसभर बसणारा माणूस पांढरा सदरा घालते काऊन, हे मले आजवर समजलं नाई. धुवाले मेहरुनबी होती ना, म्हणून. गिऱ्हाइक आलं का तो उठत नसे. बसल्या बसल्या उजवा पंजा वर करे अन् म्हणे, "हात पाह्यजे, हात. लाकूड काय, जंगलात लय हाय." दुसऱ्या खरादीचं काम कोणी दाखवलं का नाक मुरडून म्हणे, "हे खरादलं का कुरतडलं?"

अन् लाकूड जिभेले लावे. खरंच सांगते, तुकडा उचलाचा, जिभेचं टोक लावाचं, डोळे मिटाचे अन् सांगाचं, शिवण हाय, नदीकाठची, पाण्यात वाढलेली. लोक तोंडाकडं पाहत राहत. एकदा मेहरुनबीनं काय केलं, सैपाकघरातलं मोडलं लाटणं आणलं, त्याचा मधला तुकडा त्याच्या हातात देला अन् म्हणली, बाजारात एक जण इकून राह्यला, पाहा बरं. उस्तादानं जीभ लावली, डोळे मिटले अन् थुंकला. म्हणे, "कोण्या गाढवानं हे लाकूड वाळू न देता खरादलं?"

मेहरुनबी म्हणली, "त्याच गाढवासंगं माहा निकाह झाला. तुमचंच लाटणं हाय, मागच्या ईदले करून देलं होतं."

मी दोरी सोडून हसली. त्या दिवशी सांजवरी त्यानं मले पाणी प्याले बी उठू देलं नाई.

तुम्ही म्हणसान, मंग तिथं बसली काऊन? माहा मालक विहिरीच्या कामावर गेला. वरून दगड आला. पदरात एक पोरगी, घरात आंधळी सासू. शेतातलं काम पावसापुरतं, खरादाचं काम बारमाही. दोरी ओढाले बाप्या भेटत नव्हता, कारण बाप्याले वाटे हे बाईचं काम, अन् बाईले वाटे दिवसभर परक्या माणसापुढं कोण बसन. मी बसली. रडत बसाचं का दोरी ओढत बसाचं, एवढंच ठरवाचं होतं.

आता एक गोष्ट त्याच्या बाजूची सांगते, ती बी सांगितली पाह्यजे. दोरीवर त्याचा हात चांगला होता. लग्नात नवरीकडचे रुखवत मांडतात, त्याच्यात लाकडाची उतरंड लागे, मोठ्या मडक्यावर लहान, त्याच्यावर अजून लहान, वरचं बोराएवढं. भरीव उतरंड कोण्याही बाजारात भेटते. उस्ताद पोकळ करे. बोराएवढं मडकं बी आतून कोरे, त्याच्यावर झाकण बसवे. बुलढाण्यावरून लोक येत. मले फक्त एवढंच म्हणाचं हाय का त्या पोकळीतली अर्धी माह्या खांद्यानं काढलेली होती, अन् गिऱ्हाइकानं वाहवा केली तवा तो पंजा वर करे एकट्याचाच.

तर मोटर आली. शेठनं बसवून देली, पट्टा चढवला, बटन दाबलं. लाकूड असं फिरलं का दिसेनासं झालं. उस्ताद दोन पावलं मागं सरला, मंग कोणी पाह्यलं तर नाई ना म्हणून इकडं तिकडं पाह्यलं. मी पाह्यलं होतं.

"आता खरं इंजिन आलं," तो म्हणे. "कवसाबाई, तू घरी जाय."

इतक्या वर्षांत पयल्यांदा माहं नाव घेतलं, ते हाकलाले.

मी उठली नाई. कुठं जाऊ? दोरी हातातच होती, ती गुंडाळत बसली. मेहरुनबी लसणाची सुपली बाजूले ठेवून उठली.

"ती कुठं जाईन? तिले कोराले शिकवा. मोटर फिरवन लाकूड, ती धरन अवजार."

"बाईच्या हातात अवजार?"

"आतापर्यंत कोणाच्या हातात होती तुमची रोजीरोटी? बाईच्याच ना?"

शेठ मधात खी खी करून हसला. शेठसमोर बायकोनं बोललेलं उस्तादाले सहन झालं नाई. त्यानं भिंतीवरचे कोराचे सारे अवजारं काढले अन् पोत्यावर पसरवले. आकड्याचे, चपटे, चमच्यासारखे, लांब, अजून लांब. सगळ्यात लांब आकड्याले तो नवाब म्हणे. कोणाले हात लावू देत नसे, तेल लावून फडक्यात ठेवे.

"घे," तो म्हणे. "एक निवड. एकच. त्याच अवजारानं एक मडकं आतून कोरून दाखव, लग्नसराई लागाच्या आत. जमलं तर राह्य. फुटलं तर या छपरीत पाय ठेवू नको."

शेठ मले हळूच म्हणे, "बाई, लांब घे लांब. शिकणारे सारे लांबच नेतात."

इकणारा असं म्हणनच. लांबात लोखंड जास्त लागते ना.

मी पोत्यापाशी बसली. अन् एक सांगते, अक्कल म्हणून मी काही केलं नाई. दोरी ओढणारीच्या हातात अवजार नसते, पण अवजार लाकडात अडकलं का हिसका दोरीतून तिच्याच खांद्यात येते. उस्तादाचा नुसता हात थरथरे, माहा खांदा उखडून ये. नवाब लावला का मले आधीच कळे, आता बसणार. दात आवळून धरो. त्याचं टोक दांडीच्या बाजूले वाकलेलं, लाकडात रुतलं का सारी दांडी हातात गरकन फिरते, मूठ तुमची राहतच नाई. अन् तिथं एक बुटकं अवजार होतं, जाड पट्टीचं, तोंड अर्ध्या रुपयासारखं गोल. पाळण्याच्या पायावरची जुनी लाख खरवडाले ठेवलेलं. त्यानं मले कधीच हिसका देला नव्हता. माह्या खांद्याले ते माहीत होतं. मी तेच उचललं.

तिघंही हसले, कधी न हसणारा उस्ताद बी. मेहरुनबी बी हसली, खोटं काऊन सांगू.

"हे तर उलथनं हाय," उस्ताद म्हणे. "पोळ्या कर याच्यावर."

"पोळ्या बी करीन," मी म्हणली. "पण हेच घेईन."

पण मोटर त्यानं मले कुठं देली लगेच. पयले तो स्वतः बसला. अन् तिथून त्याचा तमाशा सुरू झाला.

बाहेरून लाकूड गोल करणं जमून गेलं. आतून कोराले बसला का मडकं फाट्कन फुटे. दुसरं घेतलं, फुटलं. तिसरं घेतलं, त्याचं तोंड उडून पत्र्यावर वाजलं. मेहरुनबीच्या चुलीले त्या दिवसांत शिवणीच्या लाकडाची चैन होती. उस्ताद म्हणे लाकूड ओलं. मंग म्हणे लाईट कमी-जास्त होते. मंग म्हणे पट्टा ढिला. एक दिवस म्हणे, ही कवसाबाई समोर बसून पाहते म्हणून फुटते, हिले बाजूले बसवा. मी बाजूले बसली. तिकडं बी फुटलं.

मंग त्याले वाटलं अवजार चूक हाय. शेठ तर वाटच पाहत होता. दर बाजारच्या दिवशी नवं आणे. हे नागपूरवरून आलं, हे दिल्लीवरून, हे तर परदेशी पोलाद. दर खेपेले आधीपेक्षा वीतभर लांब, आकडा अजून वाकडा. मडक्याचं तोंड एवढंसं अन् हा माणूस त्याच्यात बकऱ्या चाराच्या काठीएवढं अवजार खुपसे. अवजार टेकवाची आडवी पट्टी असते, ती बी लांब ठेवे, कारण जवळ आणली तर त्याचा पांढरा सदरा भुशानं भरे. टेका लांब, टोक लांब, मंग ते अवजार आत नाचन नाई तर काय करन?

पण खरी गोष्ट ती नव्हती. मी बाजूले बसून त्याच्या हाताकडं पाहत होती. तो टेकवे अन् उचले. टेकवे अन् उचले. मोटर तर एकाच बाजूनं फिरते, ती थांबत नाई, उलटी होत नाई. उचलाचं कामच नाई. पण त्याचा हात अजून माह्या डाव्या ओढीची वाट पाहत होता. बाहेरच्या कामात ते चालून जाये. आत, जिथं दिसत नाई तिथं, उचललेला आकडा परत टेकवला का तो कुठंही बसे, अन् मडकं जाये. त्याचा हात मले इंजिन म्हणणाऱ्या तोंडापेक्षा इमानदार होता, असं म्हणा.

मी सांगितलं त्याले. तोंडावर सांगितलं. "उस्ताद, तुम्ही हात उचलून राह्यले. आता दोरी नाई."

त्यानं माह्याकडं पाह्यलं नाई. मेहरुनबीले म्हणे, "ऐकलं का? इंजिन बोलाले लागलं."

"इंजिन बरोबर बोलून राह्यलं," मेहरुनबी म्हणली.

"तू लसूण सोल."

त्याच हप्त्यात नवाबानं त्याले झोडपलं. आकडा आत बसला, मूठ हातातून सुटली अन् दांडा आला तो सरळ जबड्यावर. मनगट बी मुरगळलं. हात सुजून पुरीसारखा झाला. गावात त्यानं सांगितलं, सायकलवरून पडलो. त्याच्याकडं सायकल नव्हती. मेहरुनबीनं नळावर जाऊन जसं झालं तसं साऱ्या बायकायले सांगितलं, अन् कोणी म्हणली का उस्ताद तर सायकल म्हणतात, तर म्हणे, "हाव, त्या सायकलचं नाव नवाब हाय."

अन् अशात वडनेर भोलजीची एक बाई जीप करून आली. नवरीची मामी. पोकळ उतरंड पाह्यजे असं तिनं मागंच सांगून ठेवलं होतं, आता हळद जवळ आली होती. उस्तादानं सुजलेला हात चादरीखाली घातला अन् बसल्या बसल्या म्हणे, "होऊन जाईन."

मामी उभीच राह्यली. म्हणे, "उस्ताद, मी साऱ्या सोयऱ्यांत सांगून बसली, धाडची पोकळ उतरंड येणार. नाई झाली तर माह्या भाचीचं लग्नात हसू होईन अन् तुमचं नाव मी एकेका घरी जाऊन सांगीन. भरीव घ्याची असती तर मी मलकापुरात घेतली असती."

"होऊन जाईन म्हणलं ना," तो म्हणे. पण आवाज बारीक झाला होता.

जीप गेली. मोटर होती, शिवणीचं लाकूड होतं, धरणारा हात नव्हता. मेहरुनबी म्हणली, "आता बसू द्या हिले." उस्ताद तोंड भिंतीकडं करून म्हणे, "तुहं उलथनं घे."

मी बसली. आजवर ज्या बाजूले मी बसली ती बाजू दुसरी होती, इथून लाकूड उलटंच दिसे. पयले गिरमिटानं मधात भोक पाडलं. मंग आडवी पट्टी सरकवली, इतकी जवळ का मडक्याच्या तोंडाले लागाच्या बेतात. बुटकं अवजार टेकवलं, दांडा काखेत दाबून धरला अन् भोकापासून बाहेरच्या बाजूले हळूहळू नेलं. घास लहान. भुसा साचला का मोटर बंद कराची, मडकं झटकाचं, पुन्हा सुरू कराची. घाई म्हणून नाई. पाणी भरल्यासारखं. हात उचलला नाई, कारण माह्या हाताले उचलाची सवयच नव्हती. इतके वर्षं तो ओढतच होता.

आतून चांगलं होत गेलं. मले वाटलं झालं. अजून जरासं, म्हणून आत गेली, अन् मडक्याच्या बुडातून उजेड दिसला. बुड गेलं होतं.

उस्ताद भिंतीकडून वळला. "फुटलं," तो म्हणे. अन् त्या शब्दात त्याले किती बरं वाटलं ते मी ऐकलं. महिनाभरात त्याले पयल्यांदा बरं वाटलं असन.

मी अवजार खाली ठेवलं. बोलणं तेच होतं, फुटलं तर पाय ठेवाचा नाई. पोरीचं तोंड डोळ्यासमोर आलं. आता कापूस येचाले जाऊ, का कोणाच्या घरी भांडे घासाले, हेच मनात मोजत बसली.

मेहरुनबीनं मडकं उचललं, बुडाच्या भोकातून नवऱ्याकडं पाह्यलं अन् म्हणली, "फुटलं कुठं? भोक पडलं. तुमचे तर तुकडे झाले होते, मी जाळले ना. याच्यात निदान अगरबत्ती लावता येईन." मंग तिनं आपल्या दोऱ्याच्या डब्यातून लाल दोरा आणला. मडक्याच्या बाहेरून बोट लावून उंची पाह्यली, बुडासाठी नखाएवढं सोडलं अन् तेवढ्यावर माह्या अवजाराच्या पट्टीले दोरा बांधला. "दोरा तोंडाशी आला का थांबाचं. भाताचं पाणी मी असंच पाहते."

एवढी साधी गोष्ट. उस्तादाले माहीत नसन असं नाई. सांगितली नाई.

उस्ताद जाय म्हणला असता तर मी गेली असती. पण त्यानं तसं म्हणलं नाई. मामी त्याच्या डोस्क्यावर बसली होती ना. नाव त्याचं जाणार होतं, म्हणून माही भाकर वाचली. दया नव्हती ती. कोणी दया म्हणलं तर मी भांडीन.

दुसरं मडकं निघालं. तिसरं बी. जसजसं लहान होत गेलं तसं तोंड बारीक, मंग बुटक्याच्याच घाटाचं एक लहानसं मी घासून बनवलं. आकडा एकदाच लावला, मोठ्या मडक्याच्या खांद्याच्या आतल्या बाजूले, जिथं सरळ अवजार पोचत नाई. तोही लहान आकडा, अन् आधी सारं पोकळ झाल्यावर. बोराएवढ्याले दोन फुटले, तिसरं जमलं.

उस्तादानं सारी उतरंड मांडून घेतली. एकेका मडक्यात बोट घातलं. "हे बुडाले जाड हाय. याचं तोंड तिरपं. हे काय, खांद्याले लाकडाचं मास ठेवलं." एक बी मडकं त्यानं फोडलं नाई मात्र. फोडाची त्याची सवय होती, पयलेच्या चेल्यायचं काम नापसंद पडलं का आपटे. मेहरुनबी मले म्हणली, "हीच त्याची शाबासकी. याच्याहून जास्त मले बी भेटली नाई."

मामी आली. उतरंड पाह्यली, झाकणं काढून पाह्यले, तोंडभर हसली. उस्तादानं बरा झालेला पंजा वर केला. "हात पाह्यजे, हात. आत बोट घालून पाहा. माह्या हातचं हाय."

मी तिथंच भुसा झाडत होती. मेहरुनबी माह्याकडं पाहून राह्यली, मी झाडतच राह्यली. बोलून काय, उद्या सकाळी बसाची जागा माही झाली होती. नावाले त्यानं खुशाल चाटत बसावं, लाकूड चाटे तसं.

तवापासून तो समोर ओट्यावर बसे अन् मी मोटरवर. गिऱ्हाइकाले सारं काम त्याच्या हातचं. एकदा धाडच्याच एका मास्तरीणबाईनं कुंकवाचा करंडा परत आणला, झाकण घट्ट बसून राह्यलं होतं, उघडेच ना. लय तणतणली. उस्तादानं क्षणभर इचार केला नाई. माह्याकडं बोट करून म्हणे, "हे हिनं केलं." मेहरुनबी आतून ओरडली, "अल्ला, आज खरं बोलले." त्या दिवशी पयल्यांदा गावाले कळलं का करंडे कवसाबाई करते. झाकण अडकलं म्हणून कळलं.

शेवटी शेवटी तो खाटेवरच राहे. छातीत कफ. मी काम संपलं का आत जाऊन येत जाओ, मेहरुनबीसाठी. एक दिवस तो म्हणे, "तुहं ते उलथनं आण." मी आणलं. त्यानं धारेवर अंगठा फिरवला, तोंड वाकडं केलं.

"धार कोणी लावली?"

"मी."

"खरबडीत हाय. दगड आण."

आता हे समजून घ्या. माह्या बुटक्या अवजाराची धार खरबडीतच ठेवाची असते. घासल्यावर धारेले एक बारीक कोर उभी राहते, तीच कोर लाकूड काढते. त्याले ते माहीत नव्हतं, कारण त्या अवजारानं त्यानं कधी काही कोरलंच नव्हतं. मी दगड आणला. मेहरुनबीनं मागं उशी देली. तो उठून बसला, दगड मांडीवर ठेवला, थुंकी लावली अन् घासाले लागला. अवजार दगडावरून घसरत होतं. कोर गेली, धार गुळगुळीत झाली, माह्या हप्त्याभराच्या धारेचं त्यानं वाटोळं केलं. मधात दम लागे, थांबे, पुन्हा घासे. आम्ही दोघी उभ्या होतो. मेहरुनबीनं काही म्हणलं नाई, त्या एकाच येळी. मी बी म्हणलं नाई. मंग त्यानं धार उजेडात धरली, एक डोळा मिटून पाह्यली, अन् अवजार मले देलं.

"अशी पाह्यजे," तो म्हणे. "शिकून घे. उद्या मी नसलो तर कोण सांगणार हाय तुले?"

"हाव," मी म्हणली.

सकाळी मी पुन्हा नव्यानं धार लावली. तो पुढच्या शुक्रवारी गेला. मले तो आठवते तो त्याच खाटेवरचा, मांडीवर दगड, गंजीफ्रॉकवर लोखंडाचा काळा चिखल, अन् तोंडावर अशी ऐट का जणू सारी दुनिया धार लावाले त्याच्यापुढं रांगेत उभी हाय.

वाचणाऱ्याले माही एक विनंती हाय. तुमच्या घरी, माळ्यावर, पेटीत, कोणाच्या तरी लग्नातली धाडची लाकडी उतरंड पडली असन तर ती काढा. वरचं झाकण काढून आत बोट फिरवा. आत रेघा लागल्या, कुठं कुठं आकडा बसल्याचे खड्डे लागले, तर ती आमच्या छपरीतली नाई, उस्तादाचे मोटरवरचे तर सारे चुलीत गेले. गुळगुळीत लागली तर एक तर आम्हा दोघायची, दोरीवरची, नाई तर माही. कोणती बी असो, चुलीत घालू नका. पुसून ठेवा.